लुदेआकला मी थांबलो

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस म्हणजे सुमारे १२०० किलोमीटर, कमाल मुदत ९० तास. २०२३ साली परतीच्या वाटेवर लुदेआकला मी थांबलो. चालत्या सायकलवर दोनदा डोळा लागला होता. चार वर्षांनी एकदा येणारी संधी गेली. घरी प्रत्येकाचा एकच प्रश्न : 'म्हणजे पूर्ण नाही झालं?'

पूर्ण करणाऱ्यांच्या सत्कारात 'तीन रात्री झोपलाच नाही' हे कौतुकानं सांगतात, टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांची भीती वाटते. ही शर्यत नव्हे. इथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मग जागरणाचा एवढा गौरव कशाला? पेंगत सायकल चालवणारा स्वतः पडतो, मागच्यालाही पाडतो. वेळेवर थांबायलाही अक्कल लागते. तिचा सत्कार नको. निदान कीव तरी करू नका.