चैत्रगौरीच्या दिवसांत

चैत्राची पालवी फुटते, झोपाळ्यावरची गौर माहेरपण भोगत असते, घरोघर कैरीची डाळ आणि पन्हे होते, आणि त्याच सुमारास ११ एप्रिल येतो. कस्तुरबांची ही जयंती २००३ पासून आपण राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन म्हणून पाळतो. बांनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासातच देह ठेवला. त्यांच्या नावाने उभा राहिलेला निधी खेड्यांतल्या स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी होता. तेव्हा दिवसाची निवड उचितच म्हणायची.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आज्या म्हणत, त्यात अलंकार नव्हता. १९९७-९८ मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत. २०१८-२० मध्ये ९७. महाराष्ट्रात तर ३३. २००५ ची जननी सुरक्षा योजना, वस्त्या पालथ्या घालणाऱ्या आशाताई आणि हाकेला येणारी १०८ ची गाडी यांनी बाळंतपण घरातल्या काळोख्या खोलीतून दवाखान्यात आणले, त्याचे हे फळ. पण त्याच काळात केरळात हा आकडा १९ होता आणि आसामात १९५. सरासरीचे समाधान मेळघाटातल्या वाटेवर झोळीतून नेल्या जाणाऱ्या बाईच्या काय कामाचे?

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्तदाब वाढून येणारे झटके. मृत्यूच्या या वाटा वैद्यकाला ठाऊक आहेत, त्यांवर उपायही आहेत. मात्र अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला रक्तस्राव सोसत नाही, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आढळला. इथे दवाखान्याची हद्द संपते आणि आपल्या स्वयंपाकघराची सुरू होते. सातव्या महिन्यात आपण तिला हिरवी साडी नेसवतो, फुलांची वाडी भरतो, तिच्यापुढे पंचपक्वान्नांचे ताट मांडतो; दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवते. डोहाळजेवणाची रीत घालून देणाऱ्यांना जे उमगले होते, ते आपण एका दुपारपुरते सांभाळले. (लोहाच्या गोळ्यांनी मळमळते, हे खरेच, पण आज गोळी घेतलीस का, असे विचारणारे घरात कुणी असावे लागते.)

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. पुढची ९ तारीख मे महिन्यातली, लग्नसराईच्या आणि पेरणीपूर्व कामांच्या ऐन धांदलीतली. त्या दिवशी घरातल्या सुनेबरोबर, लेकीबरोबर कोण जाणार, हे आजच ठरवून ठेवलेले बरे.