सुताराच्या हातची मोटार

मुलांनो, गेल्या आठवड्यात मी वर्गात विचारलं, "मोटार कशाची बनवतात?" "पत्र्याची!" सगळे एका सुरात ओरडले. "आणि लाकडाची?" असं म्हटल्यावर हशा पिकला. "बाई, ती बैलगाडी!" मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसला नाही. त्याचे वडील सुतार आहेत.

हसा खुशाल! पण आज मनानेच इंग्लंडला जाऊ या. तिथे टेकड्यांच्या पायथ्याशी मॉल्व्हर्न नावाचं गाव आहे. त्या गावात लाल विटांच्या शेड्स दिसतात ना, तोच मॉर्गन कंपनीचा कारखाना. पैसे भरून तिकीट काढलं की पाहुण्यांना तो आतून दाखवतात. एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ साली इथली पहिली गाडी बनवली. तिला चाकं तीनच! पुढे दोन, मागे एक. आपल्या रिक्षाच्या अगदी उलट. चारचाकी आली ती १९३६ मध्ये.

मोठ्या कारखान्यांत गाडी सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाते. इथे माणसं ती हातांनी ढकलत एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नेतात. सुतारकामाच्या शेडमध्ये सगळीकडे लाकडाचा भुसा. लाकूड अ‍ॅश नावाच्या झाडाचं. क्रिकेटचे स्टम्पही याच लाकडाचे करतात. ते हलकं, पण चिवट. धक्का बसला की थोडं लवतं, चटकन मोडत नाही. मागच्या चाकावरची कमान करायची, तर पातळ पट्ट्यांना गोंद लावून त्या साच्यात घट्ट आवळून ठेवतात. गोंद वाळला की पट्ट्या तशाच वाकलेल्या राहतात.

आता एक गैरसमज काढून टाका, नाहीतर घरी बाबांशी लावलेली पैज हराल! इंजिन आणि चाकं लाकडावर बसवलेली नसतात, बरं का. त्यासाठी खाली धातूची चौकट असते. पूर्वी पोलादाची, आता अ‍ॅल्युमिनियमची. लाकूड असतं वरच्या अंगात. पतंगाला कामट्या असतात आणि त्यांवर कागद, तसाच हा लाकडी सांगाडा आणि वर पत्रा.

१९९० साली सर जॉन हार्वे-जोन्स हे बडे उद्योगतज्ज्ञ बीबीसीच्या कार्यक्रमासाठी या कारखान्यात आले. तेव्हा गिऱ्हाइकाला गाडीसाठी काही वर्षं थांबावं लागे. "पद्धत बदला, जास्त गाड्या काढा," असं त्यांनी सांगितलं. संस्थापकांचे चिरंजीव पीटर मॉर्गन यांना काही ते पटलं नाही.

यावरून वर्गात चांगलंच भांडण जुंपलं. "गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जाईल!" "घाई केली तर काम बिघडेल!" मी स्वतः पीटरसाहेबांच्या बाजूची. पण खरं सांगायचं तर पुढे उत्पादन हळूहळू वाढवावंच लागलं, आणि २०१९ मध्ये कंपनीची बहुतेक मालकी मॉर्गन घराण्याकडून एका गुंतवणूक कंपनीकडे गेली. चारचाकी गाड्यांतलं लाकूड मात्र टिकलं आहे.

तास संपता संपता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तिथे सुताराला मोटार बनवणारा म्हणतात?"

"म्हणतात की!"

दुसऱ्या दिवशी त्याने बाभळीचा एक तुकडा आणला. बैलगाडीच्या चाकातून उरलेला. माझ्या टेबलावर आहे. तो किती लवतो, ते आम्ही शनिवारी बघणार आहोत.