सिस्टर नवीन आहे

परवा सांगलीला जाऊन आले. साताऱ्याहून सकाळची एसटी धरली, कराड, पेठ नाका, आष्टा करत दुपारी जेवायच्या वेळेला पोचले. धाकट्या बहिणीची नात तिथं एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून लागली आहे. विश्रामबागेकडे चौघी मुली मिळून कॉट बेसिसवर राहतात. तिला भेटायला गेले होते, पण खरं सांगायचं तर तिची माफी मागायला गेले होते. ते कसं, ते सांगते.

पोरगी हुशार. तीन वर्षांचा जीएनएम केला, पास झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं. घरात पेढे वाटले. आमच्या घराण्यातली ती पहिली सिस्टर. नोकरीही लगेच लागली. चार दिवस एका जुन्या सिस्टरच्या मागे फिरली आणि पाचव्या दिवशी तिला रात्रपाळी लागली. रात्री आठ ते सकाळी आठ. एक मजला, बावीस पेशंट, सोबतीला एक मावशी. डॉक्टर वरच्या मजल्यावर, फोन केला की येणार. आणि वॉर्डातली एकमेव सिस्टर म्हणजे ही, वय वर्षे एकवीस.

दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाआठला तिचा फोन आला. नुसती रडत होती. "आजी, मला नाही जमणार हे." मी काय म्हणावं? चौतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईनं जे म्हणायचं तेच म्हणाले. "अगं, नवीन आहेस. होईल सवय. आम्ही पण असंच शिकलो." तिनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, धीर दिला आपण. त्या रात्री काय झालं होतं हे मी विचारलंच नाही.

ते परवा कळलं. आता सांगली जिल्ह्यात वॉर्डात उभं राहून "पाटील" अशी हाक मारली तर निम्म्या माना वळतात, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या रात्री वॉर्डात दोन पाटील होते, दोघांचं नावही एकच, फक्त वडिलांचं नाव वेगळं. एकाला साखरेचा त्रास, इन्शुलिन चालू. दुसऱ्याचं सकाळी ऑपरेशन, म्हणून रात्रीपासून उपाशी. संध्याकाळी एकाचा पंखा बंद पडला म्हणून दोघांच्या कॉट बदलल्या. ड्यूटी बदलताना हे सांगायचं राहून गेलं. ही सहा वाजता इन्शुलिन भरून कॉटपाशी गेली, दंडाला कापूस लावला. म्हातारबाबा म्हणाले, "बाई, हे कशाचं?" ही म्हणाली, "साखरेचं." ते म्हणाले, "मला कवापास्नं साखर?"

तिचा हात तिथंच थांबला. उपाशी पोटाच्या माणसाला, ज्याला मधुमेह नाही त्याला, इन्शुलिन गेलं असतं तर साखर एकदम खाली येऊन काय होऊ शकतं हे तिनंच मला समजावून सांगितलं. परीक्षेत तिला या प्रश्नाला पूर्ण मार्क होते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच नियम ती झोपेतही म्हणून दाखवेल. तरी सकाळी सहाला, सहा जणांची औषधं एकाच वेळी द्यायची असताना, एकाचं सलाईन संपलेलं आणि दुसऱ्याचे नातेवाईक दारात ओरडत असताना, तो पहिलाच नियम निसटला. वाचले ते बाबांच्या एका प्रश्नानं. बाबा झोपेत असते तर?

आणि यापुढचं ऐकून मला जास्त वाईट वाटलं. तिनं हे दवाखान्यात कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर काढून टाकतील, ही भीती. म्हणजे त्या वॉर्डात पुन्हा दोन पाटील आले, पुन्हा कॉट बदलल्या, तर पुढच्या नवीन मुलीला सावध करायला काहीच नाही. सुट्टीच्या दिवशीही ही वॉर्डात फोन करून विचारायची, "अमक्याचं इंजेक्शन दिलं ना मी? नीट बघा ना." जेवण तुटलं होतं. आणि आजी सांगत होती, सवय होईल!

म्हणून माफी मागितली. आणि परतीच्या एसटीत विचार करत बसले, की आपण सगळेच हे "सवय होईल" किती सहज म्हणतो.

माझी पहिली नोकरी आठवली. बी.ए. झाल्यावर हायस्कूलला लागले तेव्हा मलाही काही येत नव्हतं. पण आमच्या मुख्याध्यापिका बाई पहिले पंधरा दिवस रोज एका तासाला मागच्या बाकावर येऊन बसायच्या. काही बोलायच्या नाहीत. शाळा सुटल्यावर एकच विचारायच्या, "आज कोणत्या मुलाला कळलं नाही?" मला सांगता आलं नाही तर म्हणायच्या, "उद्या बघा." मी त्या पंधरा दिवसांत जे शिकले ते पुढं कुठंच नाही. म्हणजे "आम्ही पण असंच शिकलो" हे मी नातीला सांगितलं ते खोटंच होतं की! माझ्या मागच्या बाकावर कोणीतरी होतं. आणि माझी चूक झाली असती तर फार तर एखाद्याचं गणित चुकलं असतं.

तर मला म्हणायचंय ते एवढंच. नवीन पास झालेल्या नर्सला निदान पहिले काही महिने एकटं सोडू नये, आणि पहिलं वर्ष हे तिचं शिकायचं वर्ष आहे हे दवाखान्यानं उघडपणे मान्य करावं.

"पण त्या कोर्समध्येच इंटर्नशिप असते की," असं कोणी म्हणेल. असते. जीएनएमच्या तीन वर्षांत शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचेच असतात. पण तेव्हा ती विद्यार्थिनी असते, सही दुसऱ्याची असते. रजिस्ट्रेशन झालं की दुसऱ्या दिवसापासून सही तिची. काल जिला विचारल्याशिवाय सलाईन बदलायची मुभा नव्हती, ती आज बावीस जणांची मालकीण! डॉक्टरांचं बघा. एमबीबीएसनंतर एक वर्ष इंटर्नशिप, आणि पुढं शिकायचं तर निवासी डॉक्टर म्हणून आणखी तीन वर्षं वरिष्ठांच्या हाताखाली. त्यांनाही त्रास फार, त्यांचे संप आपण पेपरात वाचतोच. पण अडलं तर विचारायला कोणी तरी वर असतं. सिस्टरला रात्री दोन वाजता कोण आहे?

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. अमेरिकेत मार्लीन क्रेमर नावाच्या बाईंनी १९७४ साली 'रिॲलिटी शॉक' नावाचं पुस्तकच लिहिलं, नवीन नर्सेस काम का सोडून जातात यावर. शाळेत शिकवलेलं आणि वॉर्डात दिसतं ते, यातली दरी त्यांनी मांडली. पुढं १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत नर्सच्या पाच पायऱ्या सांगितल्या. नातीच्या पुस्तकात हा धडा आहे, तिनंच दाखवला. नुकतीच पास झालेली मुलगी त्यात जेमतेम दुसऱ्या पायरीवर असते, आणि ती अनुभवानंच वर चढते. २००२ पासून तिकडच्या मोठ्या रुग्णालयांनी आणि नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेनं मिळून नवीन नर्सेससाठी वर्षभराचा रेसिडेन्सी कार्यक्रम सुरू केला. नोकरी चालू, पगार चालू, पण वर्षभर कोणी तरी हात धरून शिकवणारं.

आपल्याकडेही हा शब्द आला आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं २०१६ मध्ये अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम आणला. चांगलंच आहे. पण त्याला प्रवेश घ्यायचा तर आधी अनुभव लागतो. तो पहिल्या वर्षाचा अनुभव मुलीनं कुठं आणि कोणाच्या आधारानं घ्यायचा, हे मात्र तिचं तिनं बघायचं.

आणि हे आपल्या भागात जमू नये याचं मला जास्त नवल वाटतं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उभं केलं, आणि तिथं नर्सेस घडवण्याची परंपराही शंभर वर्षांहून जुनी आहे. आज सांगली-मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्याला सिव्हिल आहे. चाळीस-चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या, नुसत्या चेहऱ्यावरून पेशंटची तब्येत ओळखणाऱ्या सिस्टर या दोन जिल्ह्यांत घरोघरी निवृत्त होऊन बसल्या आहेत. शिकवणाऱ्यांची कमतरता आहे असं मला कोणी सांगू नये.

आता दवाखान्यांची बाजूही ऐकली पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांशी बोलले, त्यांचा पंधरा खाटांचा दवाखाना आहे. ते म्हणाले, "बाई, रात्रीला दोन नर्स ठेवणं मला परवडत नाही. आणि शिकवलेली पोरगी सहा महिन्यांत पुण्याला जाते, नाहीतर सरकारी भरतीत लागते, नाहीतर दुबईला. मी शिकवायचं कोणासाठी?" त्यांचं अगदीच चूक नाही. पण मी त्यांना विचारलं, ती जाते म्हणून तुम्ही शिकवत नाही, की तुम्ही शिकवत नाही म्हणून ती जाते? पगाराचाही प्रश्न आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये. आमच्या पोरीच्या हातात त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त पडतात. पगार नाही, शिकवणं नाही, वर चूक झाली तर नोटीस. मग ती का थांबेल?

फार मोठं काही मागत नाही मी. पहिले दोन-तीन महिने नवीन मुलीला एकटीची रात्रपाळी नको. तिला एक जुनी सिस्टर नेमून द्यावी, आणि त्या सिस्टरला या कामाचे थोडे पैसे जास्त द्यावेत, नाहीतर तिलाही ती कटकटच वाटणार. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून बोलावं. आणि एक वही ठेवावी, जिथं होता होता राहिलेली चूक लिहिली तर बोलणी बसणार नाहीत. दोन पाटील एका वॉर्डात आले तर काय करायचं, हे त्या वहीत असलं पाहिजे. ज्या लहान दवाखान्यांना हे एकट्यानं जमत नाही त्यांनी आपल्या नवीन मुली तीन महिने मोठ्या रुग्णालयात पाठवाव्यात. सांगली-मिरज अंतर ते किती!

करोनाची आठवण काढते आणि थांबते. मार्च २०२० मध्ये वाळवा तालुक्यातले ते पहिले रुग्ण मिरजेच्या सरकारी रुग्णालयात होते, तेव्हा सगळ्या जिल्ह्याचा जीव मुठीत होता. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता मीही गॅलरीत उभी राहून थाळी वाजवली. पुढं मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत माणूसबळ कमी पडलं तेव्हा, पास झालेल्या नर्सेसना कोविड ड्यूटीवर घ्यावं असं केंद्र सरकारनं सांगितलं. त्यातही शब्द होते, वरिष्ठ डॉक्टर आणि नर्सेसच्या देखरेखीखाली. एवढ्या धावपळीतही कागदावर का होईना, देखरेख आठवली. मग एरवीच्या साध्या दिवसांत ती का नको?

जाता जाता एक आपल्यासाठी. आपण पेशंटचे नातेवाईक म्हणून जातो तेव्हा नवीन सिस्टर दिसली की कुजबुजतो, "ही नवीन दिसते, दुसरी बोलवा." मी स्वतः हे केलं आहे. त्यापेक्षा नाव नीट सांगावं, वडिलांच्या नावासकट. इंजेक्शन कशाचं ते शांतपणे विचारावं. त्या बाबांनी विचारलं, आणि त्यात ते एकटेच वाचले नाहीत, आमची पोरगीही वाचली.

तिचं म्हणाल तर ती अजून तिथंच आहे. आता तिच्या पाळीला एक जुनी सिस्टर असतात. दवाखान्यानं नेमलेल्या नव्हेत, तिनं स्वतः हात जोडून विनंती केली म्हणून त्यांनी आपली पाळी बदलून घेतली. अशा बाया अजून आहेत म्हणून चाललंय. पण सगळं त्यांच्या चांगुलपणावर किती दिवस चालवायचं?

मी निघताना तिला एक जाड वही आणि पेन देऊन आले. पहिल्या पानावर तिनं माझ्यासमोरच लिहिलं: कॉट नंबर नाही, नाव विचारायचं. पूर्ण नाव.