हरवलेली चाबी आधी बंद करा, मग नवी घ्या

नरखेड, जलालखेडा, मोवाड, सावरगाव या भागांतील पुष्कळ व्यापाऱ्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी किंवा धंद्याच्या सोयीसाठी नागपुरात फ्लॅट घेतले आहेत. अनेक नव्या इमारतींच्या मुख्य दाराला आता पितळी चाबी नसते, बटणाएवढा प्लास्टिकचा टॅग असतो. तो हरवला की सोसायटी पैसे घेते, नवा टॅग देते आणि विषय संपला असे समजते. माझ्या मते ही मोठी गफलत आहे.

व्यापारी बंधूंना हे समजायला कठीण नाही. चेकबुक हरवले तर आपण आधी बँकेत जाऊन जुन्या चेकचे पेमेंट थांबवतो, मग नवे चेकबुक मागतो. टॅगचेही तसेच आहे. त्याच्या पोटात एक चिप असते आणि तिच्यात एक नंबर. दाराच्या यंत्रात मंजूर नंबरांची यादी असते; नंबर जुळला की दार उघडते. नवा टॅग दिल्याने यादीत एक नंबर वाढतो, जुना आपोआप जात नाही. तो हाताने काढावा लागतो.

अडचण अशी की अनेक साध्या यंत्रांत टॅग देताना नंबर लिहून ठेवला नसेल, तर हरवलेला एकच टॅग काढता येत नाही. मग सगळी यादी पुसून प्रत्येक घराचे टॅग पुन्हा नोंदवावे लागतात. एवढी तकलीफ कोण घेणार? म्हणून जुना टॅग चालूच राहतो.

टॅग दोन दिवसांनी सापडला, म्हणूनही बेफिकीर राहू नये. १२५ किलोहर्ट्झच्या साध्या टॅगची नक्कल स्वस्त यंत्रावर काही सेकंदांत होते. मायफेअर क्लासिक हे जगभर चाललेले कार्डही नेदरलँड्समधील नायमेखेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली फोडून दाखवले. नंबर रद्द केला की मूळ टॅग आणि नक्कल दोन्ही निकामी होतात.

सोसायटीच्या सभेत आपण चार गोष्टी मागाव्यात. कोणता नंबर कोणाला दिला याची वही असावी. हरवल्याचा फोन येताच नंबर बंद व्हावा. अर्ज आणि पैसे नंतर. भाडेकरू घर सोडेल त्याच दिवशी त्याचे टॅग रद्द व्हावेत. आणि नव्या टॅगचे फक्त खर्चापुरते पैसे घ्यावेत. जबर दंड लावला तर लोक हरवल्याचे लपवतात आणि धोका सर्वांच्याच दारात येतो.

चाब्या बनविणाऱ्या आपल्या कारागिरांनीही हे काम शिकून घ्यावे. पितळी चाबीचे काम कमी होत असले तरी टॅग नोंदवणे, रद्द करणे आणि वही ठेवणे याला जाणकार माणूस लागतोच.

चोरी झाली की पहिला संशय चौकीदारावर आणि कामवाल्या बाईवर येतो. वही चोख असेल तर निदान गरिबावर नाहक आळ येणार नाही.