मेकॅनिकचे पाय टेकतील तिथे

जुहूत एसीचे बाहेरचे युनिट कुठे बसवायचे, हे इमारतीची दर्शनी बाजू पाहून नव्हे, तर ते धुणाऱ्याचे पाय कुठे टेकणार हे पाहून ठरवावे. इथली हवा बारमाही खारी. मीठ कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर बसते, तांब्याच्या नळीला ती भिडतात तिथे ओलाव्याने गंज धरतो, पांढरी भुकटी दिसू लागते आणि पुढे बोट लावताच पाती चुरतात. उपाय साधा आहे, गोड्या पाण्याने नियमित धुणे. पण सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर गंजक्या ब्रॅकेटवरचे युनिट धुणार कोण? समुद्राकडच्या वाऱ्याने युनिट थंड राहते, हे खरे. तोच वारा मीठही आणतो, म्हणून आडोशाची बाजू बरी. युनिट बाल्कनीत ठेवले तर तिथली जागा जाते, ही तक्रारही रास्तच. मात्र ती बाल्कनी काचेने बंद केली तर गरम हवा आतच फिरते आणि वीजबिल चढते, तेव्हा समोर मोकळे हवे. सोयीच्या जागेपायी नळी लांबली की गॅस जास्त लागतो, थंडावाही किंचित घटतो. एवढे सोसावे, कारण अडचणीच्या जागी बसवलेल्या युनिटपायी दर सर्व्हिसिंगला एक माणूस कठड्याबाहेर जीव धोक्यात घालतो, आणि तो धोका आपण पैशांनी टाळू शकतो.