अधिवेशनाचा विषय कोण ठरवतो?

अधिवेशनांचा हंगाम सुरू झाला की स्मरणिका हाती पडू लागतात. त्यांतील जाहिरातींची पाने बाजूला काढली तर शोधनिबंधांसाठी किती पाने उरतात, हे वाचकांनी एकदा स्वतःच मोजून पाहावे. कमानीवर एका कंपनीचे नाव, पिशवीवर दुसरीचे, भोजनकक्षावर तिसरीचे आणि प्रात्यक्षिकाच्या टेबलावर यंत्रविक्रेत्याचा फलक, हे चित्र आता आपल्या अंगवळणी पडले आहे.

प्रायोजकत्वाला सरसकट पाप ठरविणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, बाहेरगावच्या वक्त्यांचा प्रवास आणि दोन वेळचे भोजन हा खर्च नोंदणीशुल्कातून भागत नाही, हे संघटनेत काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. शिवाय आपले औषधनिर्माते परके नाहीत. त्यांतील कित्येक स्वतः वैद्यच आहेत. नवे औषध वा यंत्र वैद्यांपुढे यावे, ही त्यांची अपेक्षाही रास्त आहे. मात्र या मदतीच्या बदल्यात आपण नकळत काय देतो, याचा हिशेब आजवर कोणी मांडलेला दिसत नाही.

‘एका जेवणाने वैद्य विकला जातो काय?’ असा प्रतिप्रश्न हमखास केला जातो. याचे उत्तर आधुनिक वैद्यकाने शोधलेले आहे. अमेरिकेत दोन कंपन्यांनी प्रत्येकी १० डॉक्टरांना सर्व खर्च करून परिसंवादास नेले. त्यापूर्वीचा आणि नंतरचा त्या दोन औषधांचा रुग्णालयातील वापर १९९२ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वापर लक्षणीय वाढला होता. गंमत अशी की, आपल्या लेखणीवर काहीही परिणाम होणार नाही, असे त्यांतील बहुसंख्यांचे प्रामाणिक मत होते. २०१६ साली सुमारे २ लाख ८० हजार अमेरिकी डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कंपनीच्या एका साध्या जेवणाचाही त्या कंपनीच्या औषधाच्या अधिक वापराशी संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मान्य. तरीही ‘माझ्यावर परिणाम होत नाही’ हे वाक्य आपण यापुढे जरा जपून उच्चारावे.

लेखणीपेक्षाही मोठी हानी मला विषयनिवडीत दिसते. भगंदराचे उदाहरण घेऊ. क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन बनारस हिंदू विश्वविद्यालयात झाले आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची बहुकेंद्रीय तुलनात्मक चाचणी घेतली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार क्षारसूत्रानंतर भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ४ टक्के, तर शस्त्रकर्मानंतर ११ टक्के होते. व्रण भरण्यास मात्र क्षारसूत्रात ८ आठवडे लागले, शस्त्रकर्मात ४. सरकारी पैशातून झालेली, कोणाही विक्रेत्याचे हित नसलेली ही चाचणी आपल्या शास्त्राचे भूषण आहे. आणि साहित्य काय? तागाचा धागा, त्यावर स्नुहीक्षीराचे ११, स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे ७ आणि स्नुहीक्षीर व हरिद्रेचे ३, असे एकूण २१ लेप.

या धाग्याला प्रायोजक कोठून मिळणार? लेसर यंत्र मोठ्या किमतीस विकले जाते आणि त्याचे फायबर वरचेवर घ्यावे लागते. साहजिकच लेसरच्या कार्यशाळेस वातानुकूलित सभागृह, मोठा पडदा आणि प्रमाणपत्र लाभते. लेसर त्याज्य आहे, असे माझे म्हणणे नाही. योग्य रुग्णात त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु क्षारसूत्राचे प्रमाणीकरण, स्नुहीक्षीराचा संग्रह, दर आठवड्याच्या सूत्रबदलातील वेदना कशी कमी करावी, या खऱ्या अडचणींवर चर्चासत्र क्वचितच होते. कोणीही खोटे बोलत नाही. जे विकता येत नाही, ते कार्यक्रमपत्रिकेतून गळून पडते, इतकेच. पाच-सहा वर्षे अशा कार्यशाळांतूनच शिकलेला तरुण वैद्य भगंदर म्हणताच यंत्राचा विचार करू लागला, तर दोष त्याचा नव्हे.

नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य-शालाक्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मे नमूद केली, त्याविरुद्ध डिसेंबरात ॲलोपॅथी डॉक्टरांनी देशभर बंद पाळला. त्या वादात आपले उत्तर एकच होते: आमचे प्रशिक्षण पुरेसे आहे. ते प्रशिक्षण यंत्रविक्रेत्याच्या खर्चाने आणि त्याच्या सोयीने होऊ लागले, तर हे उत्तर आपण कोणत्या तोंडाने देणार? सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावयास सांगितला आहे. या साहित्यास प्रायोजक लागत नाही.

ॲलोपॅथीतील संघटनांनीही येथे काही आदर्श घालून दिलेला नाही. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये कंपन्यांकडून भेटी व प्रवासखर्च घेण्यास डॉक्टरांना मनाई केली. पुढे २०१६ मध्ये त्याच कलमातून डॉक्टरांच्या संघटनांना मात्र वगळण्यात आले. एकट्याने घेतले तर दोष आणि संघटनेने घेतले तर सेवा, हा न्याय मला समजलेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या भेटींवरील खर्चाची आयकरातील वजावट कंपन्यांना नाकारली. मार्च २०२४ च्या औषधविपणन संहितेने परदेशातील शैक्षणिक कार्यक्रम वर्ज्य केले आणि झालेला खर्च जाहीर करण्यास कंपन्यांना सांगितले. आपल्या दारी असा नियम कोणी आणून लावण्याची वाट आपण का पाहावी?

फार्मसीचालक बंधूंनाही येथे एक विनंती आहे. मोठी कंपनी मुख्य प्रायोजक होते, तेव्हा तिच्या स्वामित्वाच्या कल्पावर व्याख्यान होते. सचोटीने ग्रंथोक्त आसवारिष्टे, घृते, गुग्गुळकल्प करणारी लहान फार्मसी कोपऱ्यातील स्टॉलचे भाडेही कष्टाने भरते आणि तो खर्च अखेर औषधाच्या किमतीत मिसळतो. दशमूलारिष्ट अनेकजण करतात. त्यावरील व्याख्यानाचा लाभ सर्वांना सारखाच होणार, म्हणून खर्च एकट्याने कोण करणार? परिणामी ज्या कल्पांवर आपली चिकित्सा उभी आहे, त्यांच्यावर सर्वांत कमी बोलले जाते.

उपाय अवघड नाहीत. सर्व निर्मात्यांनी जे द्यायचे ते एका समाईक निधीत द्यावे, कोणत्याही सत्रास वा सभागृहास कंपनीचे नाव असू नये आणि स्टॉल एकाच दराने, चिठ्ठ्या टाकून वाटावेत. विषय व वक्ते ठरविणाऱ्या समितीत निधी जमविणारा कोणी नसावा. वक्त्याने आरंभीच आपले आर्थिक संबंध सांगावेत. युरोपातील वैद्यकीय उपकरण-उद्योगाच्या संघटनेने जानेवारी २०१८ पासून, परस्पर एखाद्या डॉक्टरचा संमेलनखर्च उचलणे आपल्या सदस्यांना बंद केले. विक्रेत्यांना जमले ते आपणांस जमू नये, असे नाही. शल्य कार्यशाळा महाविद्यालयाच्या शल्यविभागात घ्यावी आणि यंत्र शिकवायचे तर त्याच दिवशी क्षारसूत्रही शिकवावे, निवड विद्यार्थी करील.

‘शुल्क वाढेल, उपस्थिती घटेल’ हा आक्षेप खरा आहे. मग अधिवेशन दोन दिवसांऐवजी एक दिवसाचे करावे, हॉटेलऐवजी महाविद्यालयाच्या सभागृहात भरवावे आणि पिशवी देऊच नये. घरोघरी अशा पिशव्यांचा ढीग झाला आहे. आरंभ म्हणून खजिनदारांनी गेल्या तीन अधिवेशनांचा जमाखर्च, प्रायोजकांच्या नावांसह, याच त्रैमासिकाच्या पुढील अंकात छापावा आणि वार्षिक सभेने त्यावर चर्चा करावी.