पायांवरची सूज

संध्याकाळी वहाण काढताना पट्ट्याची खूण पावलावर तशीच उमटून राहिली, तर घरातील वडीलधारी माणसे बहुधा "वय झाले" म्हणून ती गोष्ट सोडून देतात. तसे करू नये. घोट्याच्या थोडे वर, नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबून पाहावे. पडलेला खळगा लगेच भरून आला नाही, तर तेथे पाणी साठले आहे असे समजावे.

धडगावहून घाट उतरून एस.टी.ने नंदुरबार गाठणाऱ्याचे किंवा मिरचीच्या पथारीवर दिवसभर बसणाऱ्या आजींचे पाय जड होणारच. पोटरी हलली नाही, की रक्त वर चढण्यास जोर मिळत नाही. ही सूज रात्रीतून उतरते. सकाळीही ती कायम असेल, तर प्रथम औषधांची पिशवी उघडावी. रक्तदाबासाठी दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन पुष्कळांचे घोटे सुजवते. गुडघेदुखीच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी अडवून धरतात. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना दाखवावी.

दोन्ही पाय सुजून आडवे होताच धाप लागत असेल, तर हृदयाची तपासणी हवी. सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली, लघवीला फेस येऊ लागला, तर मूत्रपिंडाची. यकृताचा विकार आणि तीव्र रक्तक्षय हीदेखील कारणे असतात. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते; तो पाय चोळू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सोबत छातीत दुखत असेल वा दम लागत असेल, तर १०८ क्रमांकास फोन करावा.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. येथील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात लहान बाळाचे हातपाय सुजतात, मोठेपणी घोट्याजवळ चिवट जखमा होतात, पुढे मूत्रपिंडावरही परिणाम होतो. "सूज आहे, पाणी कमी प्या" हा शेजारचा सल्ला अशा रुग्णास घातक ठरतो, कारण शरीरातील पाणी घटले की रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून वेदनांचा झटका येऊ शकतो. लघवी वाढवणारी गोळीही शेजाऱ्याकडून मागून देऊ नये. घरात सिकलसेलचे कार्ड असेल, तर ते औषधांच्या पिशवीतच ठेवावे आणि डॉक्टरांपुढे प्रथम तेच काढावे.